वर्गातील आपलेपणा आणि मुलांची प्रगती

शिक्षक आणि विद्यार्थी एकाच समाजातून, एकाच भाषेतून आले तर मुले अधिक चांगली शिकतात का?

जून महिना उजाडला की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील प्रत्येक घरात शाळेचा विषय निघतो. कोणती शाळा, कोणते माध्यम, फी किती, बस कुठून सुटते, निकाल किती टक्के, या प्रश्नांवर आपण तासन्‌तास बोलतो. परंतु एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्या शिक्षकासमोर आपले मूल दिवसाचे पाच-सहा तास बसणार आहे, त्या शिक्षकाला आपल्या घराची भाषा, चालीरीती, सणवार आणि अडचणी ठाऊक आहेत काय? आणि त्या ठाऊक असण्याने किंवा नसण्याने मुलाच्या गुणांवर, त्याच्या पुढील शिक्षणावर काही परिणाम होतो काय?

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. गेल्या काही दशकांत जगभरच्या अभ्यासकांनी त्याचा शास्त्रशुद्ध शोध घेतला आहे. त्यातून जी उत्तरे मिळाली ती आपल्या भागातील पालकांना, शिक्षकांना आणि शाळा चालविणाऱ्या संस्थांना विचार करावयास लावणारी आहेत. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांत कोणी ना कोणी शिक्षकी पेशात आहे, आणि जवळजवळ प्रत्येक कुटुंबात शाळेत जाणारे मूल आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या विषयाची थोडी सविस्तर मांडणी करीत आहोत.

सांस्कृतिक जवळीक म्हणजे काय?

शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील सांस्कृतिक जवळीक म्हणजे केवळ दोघांची जात किंवा धर्म एक असणे नव्हे. बोली, घरातील वागण्याची रीत, मोठ्यांशी बोलण्याची पद्धत, खाणेपिणे, उपजीविकेचे साधन, वर्षभरातील कामाचे आणि सणांचे चक्र अशा अनेक गोष्टी तिच्यात येतात. शिक्षकाला या गोष्टी जितक्या परिचयाच्या, तितके मुलाचे बोलणे आणि मौन त्याला अधिक कळते.

एक साधे उदाहरण घेऊ. आपल्या भागातील आगरी आणि कोळी घरांतून, तसेच आपल्या ईस्ट इंडियन बोलीतही, ‘ळ’ आणि ‘ण’ यांचा उच्चार प्रमाण मराठीपेक्षा वेगळा होतो. मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणते, ‘नारळ’ऐवजी ‘नारल’ म्हणते. पहिलीच्या श्रुतलेखनात ते जसे बोलते तसे लिहिते. ज्या शिक्षकाला ही बोली ठाऊक आहे तो ओळखतो की मुलाने ऐकलेला शब्द आपल्या घरच्या उच्चाराप्रमाणे अचूक लिहिला आहे. आता त्याला पुस्तकी रूप शिकवावयाचे आहे. ज्याला बोली ठाऊक नाही तो म्हणतो, ‘याला साधे शब्दही लिहिता येत नाहीत.’ दोघांच्या हातात वही तीच आणि चूकही तीच असते, परंतु दोघांनी मुलाविषयी काढलेले अनुमान निराळे असते. वर्ष संपेपर्यंत ते अनुमान मुलाच्या मनात उतरते.

असेच मौनाचे आहे. काही समाजांत मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणे उद्धटपणाचे मानले जाते, म्हणून मूल खाली पाहून उत्तर देते किंवा गप्प राहते. या रीतीशी अपरिचित असलेल्या शिक्षकाला ते मूल मंद किंवा बेफिकीर वाटते.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे एक मोठा शैक्षणिक प्रयोग झाला. वर्गातील मुलांची संख्या कमी केल्यास काय फरक पडतो हे पाहण्यासाठी बालवर्ग ते तिसरीपर्यंतची हजारो मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने वेगवेगळ्या वर्गांत वाटली गेली. कोणत्या मुलाला कोणता शिक्षक मिळाला हे योगायोगानेच ठरले होते, म्हणून पुढे दुसऱ्या एका प्रश्नासाठीही ही माहिती उपयोगी पडली. थॉमस डी या अर्थशास्त्रज्ञाने २००४ मध्ये ती तपासून दाखविले की, ज्या मुलांना आपल्याच वंशाचा शिक्षक मिळाला त्यांचे गणित आणि वाचनातील गुण एका वर्षात वाढले. शंभर मुलांची रांग कल्पिली तर ते मूल सुमारे ३ ते ४ क्रमांकांनी पुढे सरकले. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय, दोन्ही मुलांच्या बाबतीत हे आढळले.

याच मुलांचा पुढचा प्रवासही अभ्यासकांनी पाहिला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ज्या कृष्णवर्णीय मुलांना तिसरीपर्यंत किमान एक कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, त्यांचे शालेय शिक्षण पूर्ण करण्याचे प्रमाण तसा शिक्षक न लाभलेल्या कृष्णवर्णीय मुलांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी आणि महाविद्यालयात प्रवेश घेण्याचे प्रमाण १९ टक्क्यांनी अधिक होते. बालपणी भेटलेल्या एका शिक्षकाचा परिणाम दहा-बारा वर्षांनंतरही दिसावा, ही लहान गोष्ट नव्हे.

हे का घडते याचाही शोध झाला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात एकाच विद्यार्थ्याविषयी दोन शिक्षकांना त्यांची अपेक्षा विचारण्यात आली होती. कृष्णवर्णीय विद्यार्थी चार वर्षांची पदवी पूर्ण करील असे मानण्याची शक्यता श्वेतवर्णीय शिक्षकांत, कृष्णवर्णीय शिक्षकांच्या तुलनेत, सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळली. विद्यार्थी तोच होता. फरक पाहणाऱ्याच्या अपेक्षेत होता. शिक्षक ज्याच्याकडून अपेक्षा ठेवतो त्याला तो अधिक प्रश्न विचारतो, उत्तरासाठी अधिक वेळ थांबतो आणि चुकल्यास पुन्हा समजावतो. ज्याच्याकडून अपेक्षा नाही त्याला तो प्रेमानेच, पण सोडून देतो.

भारतात काय आढळते?

‘हे झाले अमेरिकेचे, आपल्याकडे वंशभेद कुठे आहे?’ असे कोणी म्हणेल. आपल्याकडे वंशाच्या जागी जात, धर्म, भाषा आणि लिंग यांचे अंतर उभे आहे. शेनिला रावल आणि गीता किंगडन यांनी २०१० मध्ये उत्तर प्रदेश व बिहारमधील प्राथमिक शाळांच्या माहितीवरून एक अभ्यास मांडला. त्यांची युक्ती सोपी होती. एकाच मुलाला दोन विषय दोन वेगळे शिक्षक शिकवीत असतील तर त्या मुलाचे दोन विषयांतील गुण ताडून पाहावयाचे. मूल तेच, घर तेच, बुद्धी तीच. बदलतो तो केवळ शिक्षक. ज्या विषयाचा शिक्षक मुलाच्याच जातीचा, धर्माचा आणि लिंगाचा होता, त्या विषयात मुलाचे यश स्पष्टपणे अधिक होते. संख्याशास्त्राच्या भाषेत हा फरक जवळजवळ पाव प्रमाण विचलनाइतका भरला. शिक्षणक्षेत्रातील अनेक खर्चिक योजनांनाही इतका परिणाम साधत नाही.

आंध्र प्रदेशातील सरकारी प्राथमिक शाळांवरील कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ यांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मुलींविषयी आहे. शिक्षिकेच्या वर्गात मुलींची प्रगती अधिक झाली आणि त्यामुळे मुलग्यांचे काही नुकसान झाले नाही, असे त्यात आढळले. महाराष्ट्राला हे नवे वाटू नये. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई फुले स्वतः शिकवावयास उभ्या राहिल्या. त्या काळात मुलीला शाळेत पाठविण्यास कचरणाऱ्या घरांसाठी ‘शिकविणारी एक बाई आहे’ या गोष्टीचे वजन किती असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

मुलाच्या मनावर ओळखीचे ओझे कसे पडते हे दाखविणारा एक प्रयोगही भारतातीलच आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडविण्यास दिली. जात उच्चारली नाही तेव्हा उच्च मानल्या गेलेल्या आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. परंतु सर्वांसमोर नाव आणि जात पुकारल्यानंतर दलित मुलांची कामगिरी लक्षणीयरीत्या घसरली. शाळेत फॉर्म भरताना, शिष्यवृत्तीची यादी वाचताना, ‘आदिवासी मुले उभी राहा’ असे सहज म्हणताना आपण काय करीत असतो, याचा विचार यावरून प्रत्येक शिक्षकाने करावा.

आपला ठाणे जिल्हा

आता आपल्या अंगणात येऊ. २०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांहून अधिक होती. या शहरांत मूळचे आगरी, कोळी, ईस्ट इंडियन आणि आदिवासी आहेत. देशावरून आणि कोकणातून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे आहेत. गुजराती, उत्तर भारतीय, तमिळ, मल्याळी आणि कानडी आहेत. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. १९८८ मध्ये सिरो-मलबार विधीच्या कॅथलिकांसाठी कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, यावरूनही या पट्ट्यात बाहेरून आलेल्यांची वस्ती किती आहे हे दिसते. अशा ठिकाणी एका वर्गातील चाळीस-पन्नास मुलांच्या घरी पाच-सहा भाषा बोलल्या जाणे ही नित्याची बाब आहे.

शहराच्या गजबजाटापासून तासाभराच्या अंतरावर चित्र बदलते. शहापूर तालुका तसेच भिवंडी आणि मुरबाड तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. येथे वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी ही कुटुंबे राहतात. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेच्या हजेरीपटावर या काळात मुलासमोर ‘गैरहजर’ असे लिहिले जाते. ज्या शिक्षकाला हे चक्र ठाऊक आहे तो दिवाळीपूर्वीच कोणते मूल कोणत्या भट्टीवर जाणार याची चौकशी करतो. ज्याला ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने ‘या लोकांना शिक्षणाची आवडच नाही’.

या अडचणीवर आपल्याच भूमीत मोठे काम झाले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले, आणि १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्या काळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ या दोघी वारली समाजातील नव्हत्या. परंतु मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच मुलांकडे नेली. पाड्यातील अंगणात शाळा भरली ती अंगणवाडी. गुरे चारावयास जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली ती कुरणशाळा. महागड्या साहित्याऐवजी बिया, शिंपले, पाने, खडे यांवर मोजणी शिकविली गेली, कारण ती मुलाच्या ओळखीची होती. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर पोहोचला आहे, परंतु शिक्षकाने मुलाच्या अंगणात जावे हा त्यातील मूळ अर्थ आपण विसरत चाललो आहोत.

पुढे १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवरील मुलांसाठी भोंगाशाळा चालविल्या. भट्टीवरील मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात. त्या भोंग्यातच शाळा भरू लागली. ठाणे शहरात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने महानगरपालिकेच्या सहकार्याने सिग्नल शाळा सुरू केली. सिग्नलवर वस्तू विकणारी, प्रामुख्याने पारधी समाजातील मुले तेथे शिकू लागली आणि त्यांच्यातील काही दहावीही उत्तीर्ण झाली.

मुरबाड तालुक्यातील फांगणे गावची आजीबाईंची शाळाही येथे आठवते. ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षांच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन दुपारी शाळेत येऊ लागल्या. त्यांना शिकविण्यासाठी शहरातून कोणी तज्ज्ञ आणला नाही. गावातीलच दहावीपर्यंत शिकलेली एक सून शिक्षिका झाली. घरकाम आटोपल्यावरची वेळ निवडली गेली. ज्या वयात चुकण्याची लाज सर्वाधिक वाटते त्या वयात या स्त्रियांनी पाटी हातात घेतली, कारण समोर उभी असलेली बाई परकी नव्हती.

केवळ ‘आपला माणूस’ पुरेसा नाही

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की प्रत्येक समाजाच्या मुलांना त्याच समाजाचा शिक्षक द्यावा, म्हणजे प्रश्न सुटला. आम्हांस तसे वाटत नाही, आणि संशोधनही तसे म्हणत नाही.

रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी २०१२ मध्ये भारतातील एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर नाव, जात इत्यादी माहिती योगायोगाने बदलून त्या शिक्षकांकडे तपासावयास दिल्या. ‘कनिष्ठ’ मानल्या गेलेल्या जातीचे नाव असलेल्या उत्तरपत्रिकेला किंचित कमी गुण मिळाले. परंतु आश्चर्याची गोष्ट पुढे आहे. हा भेद उच्च मानल्या गेलेल्या जातींच्या परीक्षकांकडून नव्हे, तर ‘कनिष्ठ’ मानल्या गेलेल्या जातींच्याच परीक्षकांकडून झालेला आढळला. समाजाने शिकविलेला कमीपणा त्याच समाजातील शिक्षकाच्या मनातही घर करून असू शकतो. जन्माची जवळीक आपोआप न्याय देत नाही.

दुसरी अडचण कायद्याची आहे. अनुसूचित क्षेत्रांतील शाळांत बाहेरचे शिक्षक टिकत नाहीत, म्हणून आंध्र प्रदेश सरकारने २००० मध्ये तेथील शिक्षकांची सर्व पदे स्थानिक आदिवासींसाठी राखून ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एप्रिल २०२० मध्ये हे शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरविले. महाराष्ट्रातही २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांसह काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली गेली. परंतु न्यायालयीन वादामुळे ही भरती दीर्घकाळ रखडली आणि २०२४ मध्ये उमेदवारांना आंदोलन करावे लागले. मुलांना जवळचा शिक्षक मिळावा हा हेतू आणि सर्वांना समान संधी मिळावी हे तत्त्व, या दोहोंचा मेळ घालणे सोपे नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ठाणे-डोंबिवलीसारख्या शहरात आपापल्या समाजाच्या मुलांना आपापल्या समाजाचे शिक्षक वाटून देणे म्हणजे शाळेच्या आत भिंती बांधणे होय. एकमेकांच्या शेजारी बसून वाढण्याची सवय मुलांना शाळेतच लागते. आणि विषयाचे ज्ञान नसलेला शिक्षक कितीही आपला असला तरी तो मुलाला अपूर्णांक शिकवू शकत नाही.

मग जवळीक साधावयाची कशी? आपल्या इतिहासात याचे एक उत्तम उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. गोव्यात येऊन त्यांनी येथील भाषा आत्मसात केली आणि १६१६ मध्ये त्यांचे क्रिस्तपुराण राचोल येथे छापले गेले. लोकांना पुराण ऐकण्याची सवय होती आणि ओवी त्यांच्या कानांत होती, म्हणून त्यांनी शिकवण पुराणाच्या आणि ओवीच्या रूपात दिली. परका माणूस श्रोत्याच्या संस्कृतीत शिरून शिक्षक झाला. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून दिली, तेव्हाही हेच तत्त्व मान्य झाले. लॅटिन मिस्सा ऐकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आपल्या भाषेत प्रार्थना ऐकताना काय बदलले हे ते सांगू शकतील. पहिलीत इंग्रजी माध्यमात बसलेल्या मुलाला कदाचित तसाच अनुभव येत असेल, फक्त ते सांगण्यासाठी त्याच्याजवळ शब्द नसतात.

थोडक्यात, जवळीक जन्माने मिळू शकते, तशी ती कष्टाने कमावताही येते. जन्माने मिळालेली जवळीक असलेले शिक्षक वाढावेत यासाठी प्रयत्न हवेत, आणि इतर सर्व शिक्षकांनी ती कमवावी यासाठीही प्रयत्न हवेत.

आपण काय करू शकतो?

आपल्या परिसरातील कॅथलिक संस्थांच्या बहुतेक शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत. त्यांत शिकणारी मुले बहुधर्मीय आणि बहुभाषिक आहेत. शिस्त आणि निकाल यांसाठी या शाळांचे नाव आहे. त्यांत आणि इतर शाळांतही पुढील गोष्टी फार खर्चाविना करता येतील, असे आम्हांस वाटते.

शिक्षकांसाठी: वर्षारंभीच्या पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक मुलाच्या घरची भाषा, पालकांचा व्यवसाय आणि वर्षातील स्थलांतराचा काळ यांची नोंद करावी. मुलाचे नाव व आडनाव त्याच्या घरी उच्चारतात तसेच उच्चारावे. लहान वर्गांत उत्तर प्रथम घरच्या भाषेत देण्याची मुभा द्यावी आणि मग ते इंग्रजीत किंवा प्रमाण मराठीत कसे म्हणावयाचे ते शिकवावे. बोलीला ‘अशुद्ध’ म्हणणे सोडावे; ‘घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात’ एवढेच सांगणे पुरेसे आहे. उत्तरपत्रिका तपासताना शक्य तेथे नावाचा भाग दुमडून ठेवावा. जात किंवा शिष्यवृत्ती यांचा पुकारा वर्गात करू नये.

शाळा चालविणाऱ्यांसाठी: पालकसभा कामगार पालकांना येता येईल अशा वेळी आणि त्यांना कळेल अशा भाषेत घ्यावी. द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्राने आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत असे मानले आहे. ज्या सभेत आईला एक वाक्यही कळत नाही, तेथे तिला हा मान मिळाला असे म्हणता येणार नाही. शिक्षक नेमताना पात्रतेबरोबर परिसराची भाषा जाणणारे उमेदवार मिळतील याकडे लक्ष द्यावे.

पालकांसाठी: मूल इंग्रजी शाळेत गेले म्हणून घरची भाषा टाकू नये. आपण १८८७ मध्ये ईस्ट इंडियन हे इंग्रजी नाव स्वीकारले, तरी आपल्या आज्यांनी गाणी म्हटली आणि गोष्टी सांगितल्या त्या मराठीच्या बोलीत. घरी समृद्ध भाषा ऐकलेले मूल दुसरी भाषाही लवकर शिकते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविण्याचे तत्त्व मान्य केले आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे सुचविले आहे. शासनाने मान्य केलेल्या भाषेची आपणच लाज बाळगू नये.

धर्मग्रामांसाठी: आपल्या तरुण-तरुणींपैकी किती जण प्राथमिक शिक्षक होऊ इच्छितात? अभियंता, परिचारिका, जहाजावरील नोकरी किंवा परदेश यांकडे आपला ओढा आहे, आणि त्यात गैर काही नाही. परंतु शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतील किंवा कल्याण-डोंबिवलीच्या वस्त्यांतील एखादी हुशार मुलगी डी.एल.एड. करू इच्छित असेल, तर तिची फी, पात्रता परीक्षेची पुस्तके आणि राहण्याची सोय हा भार काही कुटुंबांनी मिळून उचलणे अशक्य नाही. अशी एक मुलगी आपल्या पाड्यावर शिक्षिका म्हणून परतली तर तिच्या तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेत शेकडो मुलांना ‘आपल्यातील माणूस शिक्षक होऊ शकतो’ हे रोज डोळ्यांसमोर दिसेल.

समारोप

मुलाच्या यशात घरची परिस्थिती, आहार, वर्गसंख्या, पुस्तके या सर्वांचा वाटा असतो. शिक्षकाची सांस्कृतिक जवळीक हा त्यांतील एकमेव घटक नव्हे. परंतु तो असा घटक आहे की ज्याकडे आपण आजवर फारसे पाहिले नाही आणि ज्यात सुधारणा करण्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. शाळेतून गळणारे मूल बहुधा एका दिवसात गळत नाही. आपले बोलणे कोणाला कळत नाही, आपल्याकडून कोणाची काही अपेक्षा नाही, हे त्याला हळूहळू उमगत जाते आणि एके दिवशी त्याची जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेची चौकशी करावयास त्याच्या घरापर्यंत जाणारा आणि तेथे गेल्यावर त्याच्या आईशी तिच्या भाषेत चार शब्द बोलू शकणारा शिक्षक आपल्या प्रत्येक शाळेत असावा, एवढीच अपेक्षा आम्ही व्यक्त करतो. पुढील पालकसभेत आपण हा प्रश्न अवश्य उपस्थित करावा.